गाडी चालू आहे

दादाने स्टीरिओ माझ्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवला तेव्हा मला सगळ्यात आधी दिसला तो सीडीच्या फटीतून लोंबणारा केसांचा पुंजका. केस, धूळ आणि कसला तरी चिकट रस यांचा मिळून झालेला. डॅशबोर्डवर ठेवायची ती जेलीच्या अत्तराची बाटली कधीतरी उन्हाने वितळली असणार, कारण गुलाबी चिकटा सगळ्या बटणांच्या कडेने वाळून बसला होता आणि त्याला अजून वास येत होता. मी गाड्यांची वायरिंग करतो. वीस वर्षं झाली. घरात पाय पुसून येणारी माणसं गाडीत नखं कापून फटीत सारतात, चघळलेलं च्युइंगम सीटच्या खाली लावतात, हे सगळं मला डॅशबोर्डच्या मागच्या बाजूने दिसतं. त्यामुळे घाणीची मला सवय आहे. तरी स्वतःच्या बापाच्या गाडीतली घाण हातात घेताना किळस जरा जास्तच आली.

"मी लावून बघितला," दादा म्हणाला. "चालत नाही. गेलाय बहुतेक."

"कसा लावलास?"

"कॉम्प्युटरचा जुना सप्लाय पडला होता घरात. पिवळीला पिवळी जोडली, लालला लाल, काळीला काळी. अजून काय असतं त्यात?"

मी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरच्या सप्लायमधली पिवळी वायर बारा व्होल्टची असते आणि लाल पाचची. गाडीच्या स्टीरिओमधली पिवळी असते ती कायम चालू, स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवायला. आणि लाल येते चावीकडून. लालला बारा मिळाले तरच स्टीरिओ जागा होतो. रंग सारखे दिसले म्हणून याने सोयरीक जुळवून टाकली. आणि चालेना म्हणून वर दोन थपडा मारल्या, त्यात पुढच्या काचेला चीर गेली. माझा मोठा भाऊ एका ऑफिसात वीस माणसांचा साहेब आहे. त्या वीस जणांची मला मनापासून कीव येते.

"भाऊजी, काय ते आजच्या आज करा," वहिनी दारातून म्हणाली. तिच्या हातात ओल्या चादरीचा बोळा होता. "ऐकताय ना?"

ऐकत होतो. आतल्या खोलीतून बाबा ओरडत होते. "गेट उघडा. उशीर होतोय. कोण आहे तिकडे, गेट उघडा."

बाबा अडतीस वर्षं एका कंपनीत ड्रायव्हर होते. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, बाबा तेच राहिले. निवृत्त होताना त्यांनी चालवलेली शेवटची गाडी कंपनी मोडीत काढणार होती, ती त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली. नंतर आई गेली. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत गेली. आधी आमची नावं, मग आई गेल्याचं, मग हे घर आपलं आहे हे. ड्युटी तेवढी शिल्लक राहिली. सकाळी सहाला हाताला लागेल तो शर्ट घालून ते निघायचे. दोनदा लोकांनी आणून सोडलं. एकदा चौकात थांबलेल्या कुणाच्या तरी गाडीचं दार उघडून त्यांनी आतल्या माणसाला "सरक" म्हणून सांगितलं. तो सरकला नाही, त्याने उतरून बाबांच्या कानाखाली वाजवली.

स्वस्थ बसायचे ते एकाच जागी, आवारात उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीत. हात स्टीअरिंगवर, इंजिन चालू, रेडिओ चालू. वहिनी ताट खिडकीतून आत द्यायची. आणि माझ्या शहाण्या भावाने ती गाडी भंगारात दिली. का, तर एक दिवस बाबांनी ती गिअरमध्ये टाकून गेटावर घातली. मला विचारलं असतं तर गिअरच पडणार नाही अशी सोय करून दिली असती, अर्ध्या दिवसाचं काम. पण मला विचारणार कोण? हात काळे असलेल्या माणसाला काय कळतं. भंगारवाला गाडी ओढून नेत होता तेव्हा बाबा तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले, असं वहिनीने सांगितलं. दादाने स्टीरिओ आणि त्याचे स्पीकर तेवढे काढून ठेवले होते, "चांगला आहे, घरात लावू" म्हणून.

गाडी गेल्यापासून बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. दादाने जाहीर करून टाकलं होतं की हा एक महिना बघायचा, नाहीतर वृद्धाश्रम. फॉर्म भरून टेबलावर ठेवलेला होता, फक्त सही बाकी होती. आम्ही दोघं ती जागा बघून आलो होतो. दारातच फिनेल आणि लघवी यांचा वास एकत्र नाकात गेला. एका म्हाताऱ्याला कमरेला पट्टा घालून खुर्चीला बांधलं होतं आणि त्याच्या हनुवटीवर सकाळचं दूध वाळलं होतं. "पडू नयेत म्हणून," दाखवणारा माणूस म्हणाला. मी रुमाल नाकाला लावला. दादाने विचारलं, भेटायला येणाऱ्यांना गाडी लावायला जागा कुठे आहे.

मी तिथून परत येताना भावाला वाट्टेल ते बोललो. मात्र "मी नेतो त्यांना माझ्याकडे" एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. दुकानाच्या वर एक खोली, चढायला लोखंडी जिना, एकटा माणूस. हे कारण मी इतक्या वेळा सांगून ठेवलं होतं की आता मला कुणी विचारतही नव्हतं.

तर मी स्टीरिओ उघडला. आत झुरळाची अंडी होती, रिकामी झालेली, आणि एक पाय. सगळं ब्रशने झाडलं, स्पिरिटने पुसलं. बोटांना तो गुलाबी वास लागला तो दोन दिवस गेला नाही. सप्लायची हिरवी वायर काळीला जोडली की सप्लाय सुरू होतो, ती जोडली. स्टीरिओची पिवळी आणि लाल, दोन्ही सप्लायच्या पिवळीवर घेतल्या. स्पीकर काढताना दादाने वायरी मुळापासून कापल्या होत्या, दाताने तोडाव्यात तशा. त्या वाढवून घेतल्या. गाडीच्या स्पीकरला बंद खोकं लागतं, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. प्लायची दोन खोकी ठोकली. अँटेनाची वायर खिडकीच्या चौकटीवरून फिरवली. दुपारी स्टीरिओ लागला आणि खोलीत गाणं सुरू झालं.

वहिनी हातातलं काम टाकून आली. पलंगावर बसलेले बाबा ओरडायचे थांबले. आमच्याकडे बघत ते उठले, शांतपणे स्टीरिओपाशी आले आणि बटण दाबून त्यांनी तो बंद केला.

"बॅटरी उतरेल," ते म्हणाले.

मी परत लावला. त्यांनी परत बंद केला. असं चारदा झालं. शेवटच्या वेळी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"त्यांना आवडत नाहीये ते," दादा म्हणाला. "मी म्हणत होतोच. उगाच खटाटोप."

पण मला हसू यायला लागलं होतं. बाबांनी उभ्या आयुष्यात इंजिन बंद असताना रेडिओ लावला नव्हता. साहेब आत मीटिंगला तीन-तीन तास बसायचे आणि बाबा बाहेर तापलेल्या गाडीत, पण रेडिओ नाही. साहेब यावेत आणि गाडी सुरू होऊ नये, यापेक्षा मोठी नामुष्की त्यांच्या लेखी जगात नव्हती. त्यांना गाणं नको नव्हतं. त्यांना गाडी चालू झालेली हवी होती.

मी तसाच भंगारवाल्याकडे गेलो. गाडीची दारं आणि चाकं तोवर निघाली होती, कुणीतरी सीटवर बसून केळी खाल्ली होती आणि सालं तिथेच टाकली होती. मी स्टीअरिंगच्या खाली हात घालून चावीचं कुलूप सोडवून आणलं, चावीसकट. घरी एका फळीवर ते बसवलं, फळी लाकडी खुर्चीच्या उजव्या हाताशी ठोकली आणि स्टीरिओची लाल वायर त्या कुलपातून नेली. आता चावी फिरवल्याशिवाय स्टीरिओ लागणार नव्हता.

"बाबा, बसा," मी म्हणालो.

ते बसले. उजवा हात आपणहून खाली गेला, चावी सापडली, फिरली. स्टीरिओचा दिवा लागला. बाबांनी पाठ टेकली. डाव्या हाताने हवेत गिअर मोकळा आहे का ते हलवून बघितलं आणि हात मांडीवर ठेवला. दोन तास ते तसे बसले होते. मग त्यांनी चावी फिरवून बंद केली, चावी शर्टाच्या खिशात टाकली, उठून स्वतःहून बाथरूमला जाऊन आले आणि जेवायला बसले. वहिनीने पदराने डोळे पुसले. मला फार गर्व वाटला. आता तो आठवला की चीड येते.

बाबांचा आणखी एक नियम होता, आणि तो मला चांगला माहीत होता. चालू गाडी सोडून उतरायचं नाही. तरुणपणी एकदा ते उतारावर गाडी चालू ठेवून गेट उघडायला उतरले आणि गाडी मागे जाऊन भिंतीला लागली. त्यांना लेखी माफी मागावी लागली होती. तेव्हापासून इंजिन बंद, चावी खिशात, मग पाय जमिनीवर, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. आमच्या लहानपणी घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी चावी काढली असती. त्यामुळे आता सगळंच जमून आलं. चावी चालू आहे तोवर ते खुर्चीत, आणि उठावंसं वाटलं की बंद करून उठायचे. बाहेर निघायचं खूळ गेलं, कारण ड्युटी घरातच सुरू झाली होती.

टेबलावरचा फॉर्म नाहीसा झाला. फोन केला की दादा म्हणायचा, "एकदम शांत. कटकट नाही, काही नाही." मीही सुखावून फोन ठेवायचो.

तीन आठवड्यांनी कामाच्या दिवशी मी न सांगता गेलो. स्टीरिओच्या काचेमागचा दिवा मंद झाला होता, तो बदलायचा होता. दार दादाने उघडलं. तो हल्ली बहुतेक दिवस घरूनच काम करत होता, कानाला हेडफोन, हाताने मला आत जायची खूण. मी बाबांच्या खोलीचं दार लोटलं आणि वास अंगावर आला.

बाबा खुर्चीत बसले होते. ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. पँट पुढून पूर्ण भिजून परत वाळायला लागली होती, कडांना पांढरी रेघ आली होती. खुर्चीखाली डबकं होतं आणि त्यात त्यांच्या चपला. नुसती लघवी नव्हती. माशा होत्या. स्टेशन सरकलं होतं आणि स्टीरिओमधून नुसती खरखर येत होती, किती वेळ येत होती कोण जाणे.

"बाबा, उठला का नाहीत?"

"गाडी चालू आहे," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी बंद करायला चावीकडे हात नेला. कुलपात चावी नव्हती. कुलूप फिरलेलं होतं, चालूवर होतं, आणि चावी नव्हती. जुन्या गाड्यांची कुलपं आतून झिजतात, मग चावी चालू अवस्थेतच निघून येते. हे मला ते कुलूप सोडवताना कळायला हवं होतं. कळलंही असेल. चावी मिळाली स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला, घराच्या बाकी चाव्यांबरोबर नीट अडकवलेली.

मी दादाच्या कानावरचे हेडफोन ओढून काढले.

"चावी कुणी काढली?"

"निघते ती." त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "एकदा खाली पडली होती, मी उचलून ठेवली, तर लक्षात आलं की चावी नसली की ते उठतच नाहीत. बंद करता येत नाही ना त्यांना. तूच म्हणाला होतास, चालू गाडी सोडत नाहीत म्हणून." ऑफिसात एखादी युक्ती समजावून सांगावी तसं तो सांगत होता. "सकाळी चावी काढायची, जेवताना लावायची, की परत संध्याकाळपर्यंत बघायला नको."

"ते घाणीत बसलेत."

"आज जरा मीटिंग लांबली. एरवी मी बघतो दोन वाजता."

मला त्याची इतकी शिसारी आली की त्याच्या अंगाला हात लावायचीही इच्छा झाली नाही, नाहीतर मारलाच असता. तोंडाने मात्र मी काही शिल्लक ठेवलं नाही. त्या वृद्धाश्रमात निदान पट्टा दिसतो तरी, मी म्हणालो, तुम्ही बापाला त्याच्याच इमानदारीने बांधून ठेवलंत. माणसं आहात की कोण आहात. एवढं बोलून मी वळलो तर वहिनी दारात उभी होती, बाजारातून आलेली, खांद्यावर पिशवी तशीच. तिने सगळं ऐकलं होतं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. तीन वर्षं मी त्यांचं सगळं काढते. तुम्ही आठवड्यातून एकदा येता, चहा घेता, त्यांच्या पाठीवरून हात फिरवता आणि जाता. ती चावी काढली की मला आंघोळ करता येते, भाऊजी. दार लावून. मला त्याची लाज वाटत नाही असं नाही. पण तुम्हाला एवढी किळस येत असेल ना, तर घेऊन जा त्यांना. आणि हे सामानही न्या."

"नेतोच," मी म्हणालो. आणि रागाच्या भरात खरंच नेलं. आधी बाबांना धुतलं, पुसलं, कपडे बदलले, मग टेम्पो बोलावून खुर्ची, फळी, स्टीरिओ, दोन खोकी सगळं भरलं. दादा खाली पोचवायलाही आला नाही. वहिनी आली. तिने बाबांच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि कुठली कधी ते दोनदा सांगितलं.

खोलीचा जिना चढताना मी पहिलं काम ठरवून टाकलं होतं, कुलूप बदलायचं. माझ्या दुकानात नवी कुलपं अर्धा डझन पडलेली असतात. नव्या कुलपाची चावी चालू असताना निघत नाही, ओढून बघा. दहा मिनिटांचं काम.

पहिला दिवस सामान लावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी चावी बंद केली, उठले आणि दाराकडे निघाले. माझा जिना बाहेरच्या बाजूला आहे, उभा, कठडा एकीकडेच. मी खाली बॉनेटमध्ये डोकं घालून असायचो आणि वर चप्पल वाजली की हातातलं टाकून धावायचो. एका गाडीचे हेडलाइट उलटे जोडले गेले. तिसऱ्या दिवशी ते मला चौथ्या पायरीवर सापडले, एक पाय हवेत. बाहेरून कडी लावून बघितली, तर त्यांनी दार इतकं बडवलं की समोरचा शिंपी दुकान सोडून विचारायला आला, कुणाला कोंडलंय का. मी म्हणालो, वडील आहेत. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेला ती नजर मी ओळखली, कारण तीच मी दादाकडे टाकून आलो होतो.

आणि घाण. वहिनीच्या घरात जाऊन ती एकदा बघणं वेगळं आणि रोज तिच्यात हात घालणं वेगळं. ते घास चघळून चघळून परत ताटात काढायचे. बाथरूममध्ये जाऊन आले की कुठे काय लागलंय ते शोधायला लागायचं, नळाला, दाराच्या कडीला, एकदा माझ्या दात घासायच्या ब्रशला. मी तो ब्रश दोन बोटांत धरून किती तरी वेळ उभा होतो. ग्रीस, जळकी वायर, बॅटरीचं ॲसिड, कशाचंच मला कधी काही वाटलं नाही. याने मात्र घास घशाखाली उतरेना. मला बाबांची किळस येत होती. हे मी इथे सरळ लिहितो, कारण दादाबद्दलही सरळच लिहिलंय.

कुलूप बदलायचं राहिलं होतं. चौथ्या दिवशी मी नवं कुलूप वर घेऊन आलो, डबीतून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी चहा प्यायलो. मग ते परत डबीत ठेवलं. उद्या बघू, म्हटलं. असं नवव्या दिवसापर्यंत रोज केलं. मी विसरलो नव्हतो.

दहाव्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याच्या टेम्पोची वायरिंग भर रस्त्यात जळली होती, मालासकट अडकून पडला होता. गेलोच नाही तर तो दुसरीकडे जाणार होता आणि परत येणार नव्हता. मी बाबांना जेवू घातलं, बाथरूमला नेऊन आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांनी चावी फिरवली, पाठ टेकली. मी वाकून चावी धरली आणि ओढली. जोर लावावा लागला नाही.

बाबांनी कुलपाच्या रिकाम्या भोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तासाभरात येतो," मी म्हणालो, तेही दाराकडे बघून.

काम दोन तासांत झालं. परत येताना मी एका टपरीवर थांबलो. दहा दिवसांत पहिल्यांदा मी बसून चहा पीत होतो आणि माझा कान कशाकडेही लागलेला नव्हता. मी अजून एक चहा सांगितला. तो प्यायलो. मग नुसताच बसलो, रस्त्यावरची माणसं बघत. घरी पोचलो तेव्हा चार तास होऊन गेले होते.

वास जिन्यावरच आला. बाबा तसेच होते. पाय आकडले होते, पँट भिजली होती, ओठ सुकले होते. माझी चाहूल लागली तसे ते सावरून ताठ बसले आणि शर्टाचं वरचं बटण लावायला लागले.

"बाबा, फार वेळ झाला हो," मी म्हणालो.

"नाही साहेब," ते म्हणाले. "मी आत्ताच आलो."

त्यांनी मला आयुष्यात कधी साहेब म्हटलं नव्हतं. मी खिशातून चावी काढली, कुलपात घातली, बंद केली. गाणं थांबलं. बाबा लगेच उठले, भिंतीला धरत धरत बाथरूममध्ये गेले आणि दार आतून नीट लावून घेतलं. आता तिथे जाऊन काही उपयोग नव्हता. मी फडकं आणि बादली घेतली आणि खुर्चीखालचं पुसायला बसलो.

संध्याकाळी मी शेजाऱ्याला पाच मिनिटं वर बसवून औषधाच्या दुकानात जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बाबांना डायपर घातला, खुर्चीत बसवलं, चावी फिरवली आणि काढून खिशात टाकली.